वेणू बाप्पू आणि आपली अर्धी राहिलेली काच

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा समितीचा निरोप आला तेव्हा मी नेहमीचंच लिहायला बसले. प्रार्थनेची घंटा, मधल्या सुट्टीतल्या चिंचा, गॅदरिंगची रंगीत तालीम. दोन परिच्छेद झाले आणि लक्षात आलं, हे तर सगळेच लिहिणार. म्हणून मी अशा एका माणसाबद्दल लिहिते आहे, ज्याने आपली शाळा कधी पाहिली नाही. पण त्याच्याबद्दल वाचताना मला दर वेळी आपल्या प्रयोगशाळेतला मागचा कोपरा आठवतो.

त्या कोपऱ्यात पाण्याने भरलेला एक पत्र्याचा पिंप होता. आपण नववीत असताना विज्ञानाच्या सरांनी दोन जाड, गोल, सहा इंची काचा आणल्या होत्या. दुर्बिणीचा आरसा आपणच घासायचा, असा त्यांचा बेत होता. एक काच पिंपावर पक्की बसवलेली, दुसरी तिच्यावर, आणि मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची काच पुढे-मागे घासायची, थोडी फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. मधल्या सुट्टीत पाळ्या लागायच्या. त्या खरखर आवाजाने शेजारच्या वर्गातल्या बाई वैतागायच्या, ते त्यांनाही आठवत असेल.

पुढे दहावीचं वर्ष आलं. जादा तास सुरू झाले, पूर्वपरीक्षा आली आणि ती काच तशीच राहिली. का राहिली त्याचं एक कारण मला ठाऊक आहे. ते शेवटी सांगते.

नोकरीनिमित्त मी गेली वीस वर्षं बेंगळुरूत आहे. कोरमंगला भागातून जाताना भारतीय खगोलभौतिकी संस्थेची पाटी रोज दिसायची. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला आभाळाकडे बघायला वेळ नसतो, त्यामुळे कित्येक वर्षं मी नुसती पाटी वाचून पुढे गेले. मग मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती काढायची वेळ आली आणि त्यात वेणू बाप्पू भेटले.

मनाली कल्लट वेणू बाप्पू यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ चा, मद्रासचा. घराणं मूळचं केरळातलं. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीला होते. बेगमपेठच्या त्या वेधशाळेत डब्लिनच्या ग्रब कंपनीची १५ इंची भिंगाची दुर्बीण होती. वेणू त्या दुर्बिणीच्या सावलीतच वाढला, असं म्हणायला हरकत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हैदराबाद काही परकं नव्हतं. औरंगाबाद तेव्हा त्याच राज्यात होतं. आपल्याकडची मुलं शिकायला आणि माणसं कचेरीच्या कामाला तिकडेच जायची. त्याच राज्यातला हा मुलगा शाळा-कॉलेजच्या वयात रात्र रात्र जागून रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होत राहतं अशा ताऱ्यांची, निरीक्षणं करत होता. कॉलेजात असतानाच त्याचे शोधनिबंध छापून आले होते.

खगोलशास्त्रात पुढे शिकायची सोय तेव्हा देशात जवळजवळ नव्हतीच. १९४९ मध्ये हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर बाप्पू अमेरिकेत हार्वर्डला गेले. हैदराबाद राज्य तेव्हा भारतात विलीन होऊन थोडेच महिने झाले होते आणि आपला मराठवाडा अजून त्याच राज्यात होता. तेव्हा त्या शिष्यवृत्तीच्या पैशात आपल्या मराठवाड्याच्या शेतसाऱ्याचाही काही वाटा असणार, हा विचार मला आवडतो. तिथे पोचून काही महिने होतात न होतात तोच, जुलै १९४९ मध्ये, रात्री घेतलेली छायाचित्रं तपासताना त्यांना एक नवा धूमकेतू सापडला. त्यांचे प्राध्यापक बार्ट बोक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांच्यासह तो बाप्पू-बोक-न्यूकर्क या नावाने नोंदला गेला. वय होतं बावीसच्या आत.

१९५२ मध्ये डॉक्टरेट झाली आणि कार्नेगी पाठ्यवृत्ती मिळून ते कॅलिफोर्नियाला गेले. तिथे पालोमार डोंगरावर २०० इंची दुर्बीण होती, त्या काळातली जगातली सर्वांत मोठी. तिच्या आरशाची काच १९३४ मध्ये ओतली होती आणि तो आरसा डोंगरावर पोचला १९४७ च्या अखेरीस. मध्ये महायुद्धाने काम थांबलं होतं हे खरं, तरी एका आरशाला तेरा वर्षं! बाप्पूंनी या दुर्बिणीवर प्रत्यक्ष काम केलं. ओलिन विल्सन यांच्याबरोबर त्यांनी एक सुंदर गोष्ट शोधली. काही ताऱ्यांच्या वर्णपटात कॅल्शियमची एक बारीक तेजस्वी रेषा दिसते. ती जितकी रुंद, तितका तो तारा मुळात जास्त तेजस्वी. ताऱ्याचं मूळ तेज कळलं की तो आपल्याला किती मंद दिसतो त्यावरून त्याचं अंतर काढता येतं. १९५७ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि आजही तो विल्सन-बाप्पू परिणाम म्हणूनच शिकवला जातो.

असा माणूस तिकडेच राहिला असता तर कुणी नावं ठेवली नसती. आपल्या बॅचचेही निम्मे लोक बाहेर आहेत आणि मी स्वतःही गाव सोडूनच बसले आहे, तेव्हा हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. बाप्पू मात्र १९५३ मध्ये परत आले. जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीवरून उतरून ते उत्तर प्रदेश सरकारच्या नव्या वेधशाळेत रुजू झाले. ती आधी वाराणसीला होती. तिथून त्यांनी ती नैनितालच्या डोंगरावर नेली आणि तिथे तिची घडी बसवून दिली.

१९६० मध्ये ते कोडाईकनालच्या वेधशाळेचे संचालक झाले. सूर्याच्या अभ्यासासाठी ही वेधशाळा जगभर नावाजलेली, पण ताऱ्यांसाठी तिथली साधनं जुनी झाली होती. त्या साधनांत एक दुर्बीण आपल्या पुण्याहून गेलेली होती. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक कावसजी दादाभाई नाईगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून १८८८ मध्ये वेधशाळा उभी केली होती. तिथली २० इंची ग्रब दुर्बीण बरीच वर्षं देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये नाईगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला पाठवण्यात आली. एक माणूस निवृत्त होतो आणि त्याच्या मागे सगळा डोलारा गुंडाळला जातो. मला वाटतं, बाप्पूंच्या पुढच्या सगळ्या कामाकडे ही गोष्ट शेजारी ठेवूनच पाहावं.

कोडाईकनालला ढग फार. म्हणून बाप्पूंनी तमिळनाडूतल्या जवादी डोंगरात कावलूर या खेड्याजवळची जागा शोधली. उंची जेमतेम सव्वासातशे मीटर, आजूबाजूला चंदनाची झाडं आणि गर्द अंधार. विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेबारा अंशांवर असल्यामुळे तिथून उत्तरेचं आणि दक्षिणेचं दोन्हीकडचं आभाळ बरंचसं दिसतं. १९६८ मध्ये तिथे पहिली दुर्बीण लागली ती ३८ सेंटिमीटरची, आणि ती संस्थेच्या स्वतःच्या कार्यशाळेत बनवलेली होती. १९७२ मध्ये जर्मनीच्या कार्ल झाईस कंपनीची एक मीटरची दुर्बीण आली. त्याच वर्षी गुरूचा चंद्र गॅनिमीड एका ताऱ्यासमोरून जाताना कावलूरहून पाहिला गेला. मार्च १९७७ मध्ये युरेनस असाच एका ताऱ्यासमोरून गेला आणि त्याच्याभोवती कडी असल्याचं उघड झालं, तेव्हाही त्या निरीक्षणांत कावलूर होतं.

एक मीटरची दुर्बीण विकत घेतली, तशी पुढची मोठीही घेता आली असती. बाप्पूंनी ठरवलं की २.३४ मीटरची दुर्बीण आपण इथेच करायची. सांगाडाही इथे आणि आरसा घासायचं कामही इथे. काच तेवढी जर्मनीच्या शॉट कंपनीची, तापमान बदललं तरी आकार जवळजवळ न बदलणारी.

२.३४ मीटर म्हणजे सुमारे पावणेआठ फूट. आपल्या वर्गाच्या दारातून ती काच उभी आत आली नसती. आणि अशा काचेवर करायचं काय, तर आपण पिंपाभोवती फिरत जे करत होतो तेच. जाड पुडीने घासत घासत खोलगट करायची, मग बारीक पूड, मग त्याहून बारीक. शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर जिलई. घासताना काच गरम होते आणि गरम काच खोटं बोलते, म्हणून तपासण्याआधी ती निवू द्यावी लागते. मग प्रकाश टाकून तपासायचं, कुठे उंचवटा आहे ते नकाशावर मांडायचं आणि नेमकं तेवढंच घासायचं. पृष्ठभागाची चूक प्रकाशाच्या लहरीच्या काही अंशात बसवावी लागते, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा हजारावा भाग. दिवसभराच्या घासण्यात जे जातं ते डोळ्याला दिसतही नाही.

यातली खरी मेख आपल्याला वेरूळच्या सहलीत सरांनी सांगितली होती, कैलास लेण्यासमोर उभं करून. वरून खाली कोरत आलेलं ते देऊळ. एकदा काढलेला दगड परत लावता येत नाही, म्हणून छिन्नी मारण्याआधी आत काय राहायला हवं ते पक्कं ठाऊक असावं लागतं. आरशाचंही तसंच आहे. उंचवटा राहिला तर उद्या घासता येतो. खड्डा पडला तर तो भरता येत नाही. मग त्या एका खड्ड्याच्या पातळीला उरलेली सगळी काच उतरवावी लागते. मी ज्या धंद्यात आहे तिथे चुकलेलं एका आज्ञेत मागे नेता येतं. त्यामुळे अशा कामाचा धसका मला जास्तच वाटतो.

हे काम बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत ए. पी. जयराजन यांच्या देखरेखीखाली चाललं. मोठी काच घासायचं यंत्रही तिथेच उभं केलं गेलं. एवढ्या मोठ्या आरशाचा अनुभव देशात कुणालाच नव्हता. त्यामुळे आरसा घडता घडता तो घडवणारी माणसंही घडत होती, आणि बाप्पूंचा सगळा हट्ट बहुधा त्यासाठीच होता. दुर्बिणीच्या सांगाड्याची जुळणी तर आपल्या महाराष्ट्रात झाली. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात, जिथे साखर कारखान्यांची यंत्रं होतात, तिथे ताऱ्यांमागे सावकाश फिरणारा हा अवजड डोलारा तयार झाला. उसाच्या चरकाचं काम करणाऱ्या हातांनी हे केलं, हे वाचलं तेव्हा मी मुलीला दोनदा वाचून दाखवलं.

मधल्या काळात बाप्पूंना मान मिळत गेले. १९७१ मध्ये संस्था स्वायत्त झाली. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९८१ मध्ये पद्मभूषण मिळालं. आणि इकडे आरशाचं काम त्याच्याच गतीने चाललं होतं, कारण त्याला दुसरी गती नसते.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये संघाचं अधिवेशन ग्रीसमध्ये पात्रास इथे भरलं होतं. अध्यक्ष बाप्पू तिथे असायला हवे होते. पण ते म्युनिकच्या रुग्णालयात होते. हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि १९ ऑगस्टला ते गेले. पंचावन्नावा वाढदिवस होऊन नऊच दिवस झाले होते. दुर्बीण पूर्ण व्हायची होती.

इथे मला पुन्हा पुण्याची वेधशाळा आठवते. एक माणूस गेला की काय होतं ते आधी घडून गेलेलं होतं. पण या वेळी तसं झालं नाही. जे. सी. भट्टाचार्य संचालक झाले. जिलई देणारे आरशापाशी होते, सांगाड्याची माणसं होती, विजेचं बघणारे होते, आणि प्रत्येकाला आपलं काम येत होतं. साडेतीन वर्षांनी, ६ जानेवारी १९८६ रोजी, पंतप्रधान राजीव गांधी यांनी कावलूरला जाऊन त्या दुर्बिणीला आणि वेधशाळेला वेणू बाप्पूंचं नाव दिलं. त्यानंतर तीस वर्षं ती देशातली सर्वांत मोठी प्रकाशीय दुर्बीण होती. २०१६ मध्ये नैनितालजवळ देवस्थळ इथे ३.६ मीटरची दुर्बीण सुरू झाली, तेव्हा हा मान तिकडे गेला. ती चालवणारी संस्था म्हणजे तरुण बाप्पूंनी वाराणसीहून डोंगरावर नेलेल्या वेधशाळेचाच आजचा अवतार.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही कावलूरला गेलो. वाणियंबाडीपासून वळणावळणाचा घाट आहे. मोठ्या घुमटात मान वर करून बघताना मला आरशापेक्षा त्याची देखभाल जास्त भावली, कारण माझं निम्मं आयुष्य दुसऱ्यांनी लिहिलेली प्रणाली चालू ठेवण्यात गेलं आहे. काचेचं काम आकार धरून ठेवायचं. प्रकाश परतवतो तो तिच्यावरचा ॲल्युमिनियमचा थर, आणि तो इतका पातळ असतो की केसाच्या जाडीत असे शेकडो थर मावतील. धूळ बसते, दमट हवेने थर मंदावतो. मग ठरावीक काळाने आरसा जपून खाली उतरवायचा, जुना थर रसायनाने धुऊन काढायचा, काच स्वच्छ करायची आणि निर्वात टाकीत ॲल्युमिनियमची वाफ करून नवा थर चढवायचा. त्यासाठीची टाकीही कावलूरलाच आहे. हे काम करताना जरा कुठे धक्का लागला तर इतक्या वर्षांची मेहनत वाया जाईल. ज्यांनी आरसा घासला त्यांचं कौतुक होतं. जे चाळीस वर्षं तो उतरवून, धुऊन पुन्हा जागेवर बसवत आले, त्यांची नावं कुणी विचारत नाही.

परतताना मुलीने विचारलं की ज्याने हे सगळं सुरू केलं त्याने यातून काहीच कसं पाहिलं नाही. माझ्याजवळ चांगलं उत्तर नव्हतं. मी तिला आपल्या पिंपाची गोष्ट सांगितली, आणि तीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं कारणही सांगितलं. तेच आता तुम्हाला सांगते.

जाड पुडीचं काम संपवून आपण बारीक पुडीवर गेलो, त्या दिवशी पिंप आणि काचा धुवायची पाळी माझी होती. घंटा झाली होती, मी घाईत धुतलं. जाड पुडीचा एखादा कण कुठेतरी राहिला आणि दुसऱ्या दिवशी काचेवर मधोमध लांब ओरखडा उठला. दोन दिवस मी गप्प राहिले. सरांनी ओरखडा पाहिला. कुणी केलं ते विचारलं नाही. पुन्हा जाड पुडीपासून सुरुवात करू, एवढंच म्हणाले. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, असं आज वाटतं. काचेच्या कामात मागे जावंच लागतं, हे त्यांना माहीत होतं. पण आपल्याला वाटलं की सगळं वाया गेलं. एकेक जण यायचा बंद झाला आणि सर्वांत आधी बंद झाले ती मी.

सर आता नाहीत. दहावीच्या दिवाळीत, २४ ऑक्टोबर १९९५ च्या सकाळी, ग्रहण दाखवायला त्यांनी आपल्याला सुट्टीतही शाळेत बोलावलं होतं. साध्या आरशावर भोक पाडलेला काळा कागद लावून त्यांनी चावा घेतलेला सूर्य वर्गाच्या भिंतीवर पाडला होता. त्या गर्दीत सगळ्यांच्या मागे उभी राहून मी कोपऱ्यातल्या पिंपाकडे बघायचं टाळत होते.

मेळाव्याच्या तयारीसाठी मागच्या महिन्यात काही जण शाळेत जाऊन आले. त्यांना मी प्रयोगशाळेतलं खालचं कपाट उघडून बघायला सांगितलं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन्ही काचा तिथेच आहेत. फोटोत ओरखडा स्पष्ट दिसतो. खोल आहे, पण काच जाड आहे. जाड पुडीपासून सुरुवात केली तर निघेल.

मी पूड मागवली आहे आणि मेळाव्याला येताना घेऊन येते आहे. आताच्या नववीच्या वर्गाला विचारून झालं आहे, सात-आठ जण तयार आहेत. आपण दोन दिवसांत निघून जाऊ, काम त्यांनाच करायचं आहे. पण पहिल्या दिवशी पिंपाभोवती एक फेरी आपली असावी, असं मला वाटतं. आणि काम झाल्यावर काचा धुवायची पाळी माझी.